विसातला हरवलेला किलो

१

काट्यावर उभं राहिल्यावर एखाद्याला आनंद झाला, तर समजावं की एक तर काटा बिघडलाय नाहीतर माणूस. तपासनीसबाईंना त्या दुपारी आनंद झाला, आणि त्या स्वतः तर ठणठणीत होत्या.

बाई आल्या होत्या विमा कंपनीकडून. वजनकाटे बनवणाऱ्या या कारखान्यातल्या झाडून सगळ्या माणसांचा आरोग्य विमा त्यांच्या कंपनीकडे होता. वर्षातून एकदा कारखान्याच्या दवाखान्यात सगळ्यांची वजनं व्हायची, आणि ती झाली की बाई येऊन नजर टाकून जायच्या. चहा, दोन बिस्किटं, एक शिक्का, की निघाल्या. सिस्टर मागच्या खोलीत औषधांचं कपाट लावत होती. समोर काटा होता आणि बघणारं कोणी नव्हतं. बाईंची पन्नाशी उलटलेली, अंग भरलेलं, जीभ गोडघाशी. चारचौघांत त्या काट्याच्या वाऱ्याला उभ्या राहायच्या नाहीत. पण एकट्या असल्यावर भलेभले घसरतात. त्यांनी चपला काढल्या, पर्स खुर्चीवर ठेवली आणि चढल्या.

काट्याने सांगितलं, चार किलो उतरलात.

आदल्याच दिवशी बाईंच्या डॉक्टरांनी त्यांचं वजन केलं होतं आणि मग चष्म्यावरून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं होतं. एका रात्रीत चार किलो उतरायला माणसाला मोठं आजारपण तरी लागतं, नाहीतर बाळंतपण. बाईंनी तर फक्त दोन वेळा पोटभर जेवण केलं होतं. आनंद क्षणभर टिकला. मग त्यांनी चपला घातल्या आणि सिस्टरला हाक मारली.

"तुमच्या काटेमास्तरांना बोलवा. आणि येताना वजनं आणायला सांगा."

काटेमास्तर म्हणजे जुळवणी विभागाचे, तयार काटा खऱ्या वजनाशी जुळवून बघणाऱ्या खात्याचे, प्रमुख. कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक काटा त्यांच्या बाकावरून जायचा. अंगाने काडी, बोलायला कमी, आणि खोट्या वजनाचा इतका तिटकारा की दुकानदार त्यांना बघून काटा पुसायला घ्यायचे. ते हातमोजे घालून आले. कारखान्याची प्रमाण वजनं वर्षातून एकदा सरकारी तपासणीला जातात, तशी याही वेळी गेली होती आणि त्याच सकाळी परत आली होती. मास्तरांनी वीस किलोचं वजन तान्ह्या बाळासारखं उचलून काट्यावर ठेवलं.

काट्यावर आकडा आला एकोणीस.

मास्तरांनी आणखी वीस ठेवले. चाळीसला अडतीस.

"विसामागे एक किलो खातोय," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाई, हा काटा बिघडलेला नाही. बिघडलेला काटा असा हिशेबात चुकत नाही. कोणीतरी याला हात लावलाय."

२

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय होतं, ते सांगायला हवं.

त्या वर्षापासून कारखान्यात नवा नियम आला होता. प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे वजनाची एक रेघ ठरलेली. रेघेच्या आत असलेल्याला विम्याच्या हप्त्यात सूट. रेघेच्या वर गेलेल्याला आणि सिगरेट ओढणाऱ्याला जादा हप्ता, तोही स्वतःच्या पगारातून. कल्पना धाकट्या मालकांची. विमा कंपनीला ती इतकी आवडली की बाईंच्या साहेबांनी मालकांना पेढ्यासारखी शाबासकी दिली होती, सगळे कारखाने तुमच्यासारखे असते तर!

त्याच साहेबांनी आता फोनवर वेगळा सूर लावला. "वजन कमी दाखवून सूट घेतली म्हणजे फसवणूक. फसवणूक असेल तर पॉलिसी रद्द, सगळ्यांची. उद्या संध्याकाळपर्यंत मला तुमचा निकाल हवा. तोवर तिथला एकही दावा मंजूर होणार नाही."

"साहेब, तिथल्या भांडारवाल्याच्या बायकोचं हृदयाचं ऑपरेशन आहे, पुढच्या आठवड्यात."

"म्हणूनच लवकर शोधा," साहेब म्हणाले. ते वाईट नव्हते, फक्त साहेब होते.

बाई धाकट्या मालकांकडे गेल्या. मोठे मालक जाऊन दोन वर्षं झाली होती. धाकटे शिकायला बाहेर होते ते परत आले आणि थेट वडलांच्या खुर्चीत बसले. मधली पायरी, म्हणजे जुळवणीचा बाक, त्यांना कधी लागलीच नाही. माणूस उमदा. रोज सकाळी पळायचे, जिना चढताना एक पायरी गाळायचे, आणि ऑफिसात एक लोखंडी डंबेल कागद दाबायला ठेवलेलं.

"मी सगळ्यांत आधी काट्यावर चढलो," ते म्हणाले. "नियम माझा, तर सुरुवात माझ्यापासून. सगळ्यांसमोर आकडा वाचून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"रेघेच्या आत होतात ना?"

"अर्थात. कॉलेजात होतं तेच वजन आहे माझं. बाई, मला कोणाशी वैर नाही. पण जो माणूस स्वतःला सांभाळतो, त्याने न सांभाळणाऱ्याचा भार का उचलायचा? खायचं आपण आणि बिल शेजाऱ्याच्या नावावर?"

बाईंना हे म्हणणं अगदीच खोटं वाटलं नाही. त्यांचा नवरा वीस वर्षं सिगरेट ओढत होता, आणि त्याच्या खोकल्याचा हिशेब कोणाकडे मागायचा हे त्यांना अजून कळलं नव्हतं.

"या काट्यावर त्याआधी कधी चढला होतात?"

"नाही. मी घरी वजन करतो. आणि खरं सांगू? मला तर हे पटतच नाही. तो काटा कमी कसा दाखवेल? असलाच तर तो जास्त दाखवणारा होता."

बाईंनी मान हलवली आणि उठल्या. दारात त्यांना जुळवणीतली दोन माणसं कुजबुजताना ऐकू आली. "दुसरं कोण असणार? ज्याचं वजन जास्त, त्यालाच काट्याची भीती."

३

ज्याचं वजन सर्वांत जास्त, तो भांडारवाला. जवानीत कुस्त्या खेळायचा, म्हणून त्याला सगळे पहिलवान म्हणत. कुस्ती केव्हाच सुटली, नाव आणि भूक राहिली. माणूस दाराएवढा, तो दवाखान्यात शिरला की खोलीत उजेड कमी व्हायचा.

पण आधी बाईंनी सिस्टरला बोलतं केलं. सिस्टर म्हणजे चणीने चिमणी, पण सगळ्या कारखान्याला धाकात ठेवणारी.

"खोलीची किल्ली व्हरांड्यात खिळ्याला असते," ती म्हणाली. "कोणीही घेऊ शकतं. वजनं व्हायच्या आदल्या दिवशी मी काटा पुसून गेले. सकाळी आले तर काटा जागच्या जागी. फक्त पाण्याचा कॅन हललेला होता."

"कसला कॅन?"

"पिण्याच्या पाण्याचा, वीस लिटरचा, भरलेला. तो दाराशी असतो. सकाळी पाहिलं तर खिडकीखाली, काट्याच्या बाजूला. माझ्याच्याने तो जागचा हलत नाही. म्हणून पहिलवानदादांना हाक मारली, त्यांनी एका हाताने उचलून परत ठेवला."

"हे तुम्ही कोणाला बोललात?"

"सगळ्यांना," सिस्टर म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. "बाई, पण दादा तसले नाहीत."

पहिलवान येऊन स्टुलावर बसला. स्टूल कुरकुरलं, तसा तोच त्याला म्हणाला, "असू दे रे बाबा, दोन मिनिटं." मग बाईंकडे वळला. "माझ्यावर संशय आहे ते मला माहीत आहे. मला लपायला जागा तरी कुठे पुरते?"

"वजनाचं काय निघालं तुमचं?"

"रेघेच्या वर, चांगलं पंचवीस किलो. जादा हप्ता लागला. देईन. खोटं कशाला बोलू, मी खातो. पहिल्यापासून खातो. पण गेल्या वर्षी हिला आजार झाला. तिला चार घास जात नाहीत. ताट तसंच परत आलं की रडायची, म्हणायची, कष्टाचं अन्न वाया घालवते मी. मग मी तिचं ताटही संपवायला लागलो. म्हटलं, बघ, गेलं की नाही सगळं? त्यात दहाएक किलो वाढले असतील. आता ही वाईट सवय म्हणायची की काय म्हणायचं, ते तुमची कंपनी ठरवेल."

असल्या वेळी बाई कामाचं विचारत.

"भांडारात दिवसभर काय करता?"

"येईल ते तोलतो. स्क्रू, स्प्रिंगा, रंग. रिकामा डबा आधी काट्यावर ठेवायचा, त्याचं वजन काट्यातून वजा करायचं, मग माल भरायचा. धडा करणं म्हणतात त्याला. इथे झाडूवाल्यापासून सगळ्यांना येतं. मोठ्या मालकांनी शिकवलं होतं, धडा न करता तोललं ते तोललंच नाही." तो थांबला. "बाई, एकच विचारतो. चौकशी लांबली तर तिचं ऑपरेशन पुढे जाईल का?"

खोटं बोलणं बाईंना कधी जमलं नाही. "चौकशी आज-उद्यात संपली नाही, तर जाईल," त्या म्हणाल्या.

"डॉक्टर म्हणतात, पुढे ढकलण्यासारखं नाही," पहिलवान म्हणाला आणि हळूच उठला, स्टुलाला त्रास होऊ नये म्हणून.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुढाऱ्यांना भेटल्या. हे कामगारांचे पुढारी. नव्या नियमाला उभा विरोध करणारे, तेही सिगरेट हातात धरून. कमरेला चामड्याचा रुंद पट्टा. पाठीचं दुखणं इतकं जुनं की बुटाची नाडीसुद्धा बायको बांधून द्यायची.

"माझी सिगरेट दिसते, म्हणून तिचा हप्ता," पुढारी म्हणाले. "धाकट्या मालकांना रात्र-रात्र झोप नाही. डोक्यात कारखाना फिरत असतो. त्याचा हप्ता कोण लावणार? जो दिसतो तोच चोर, असा हा न्याय आहे."

"आणि तुमच्या फुप्फुसाचा खर्च न ओढणाऱ्याने का भरायचा?" बाईंनी विचारलं. हा प्रश्न त्या घरी रोजच विचारत, त्यामुळे तो अगदी सराईतपणे आला.

पुढारी हसले. "तेही खरंच आहे. म्हणून तर भांडायला मजा येते."

"नियम पडावा, असं तुम्हाला वाटतं. मग काट्याला हात तुम्हीच लावला, असं मी म्हटलं तर?"

"तर मी म्हणेन, तुम्हाला राजकारण कळत नाही. मला नियम पाडायचा असता तर काटा जास्त दाखवणारा केला असता. बारीक माणसंही रेघेच्या वर गेली असती, सगळे पेटले असते, आणि नियम दुपारपर्यंत खड्ड्यात. कमी दाखवून काय झालं? लोकांना सूट मिळाली, टाळ्या मिळाल्या मालकांना." त्यांनी सिगरेट विझवली. "आणि लावला असता हात, तर उचलणार काय होतो मी? मला चहाचा कप जड."

बाई व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. पुढाऱ्यांचं म्हणणं बिनतोड होतं. पहिलवानाचंही तसंच. जो रेघेच्या पंचवीस किलो वर आहे, त्याला विसामागे एक किलो कमी करून काय मिळणार? पाच-सहा किलो. बुडत्याला काडीचाही आधार नाही. चोरी करायचीच तर माणूस पोट भरेल एवढी करतो. मग हा एकच किलो का? ना फार कमी, ना फार जास्त, विसामागे नेमका एक.

आणि वजनं सरकारी तपासणीला गेली होती, त्या सगळ्या दिवसांत कारखान्यात एकही प्रमाण वजन नव्हतं. वजनं नसली की जुळवणी बंद, माणसं मोकळी, म्हणून तर आरोग्याची वजनं त्याच दिवसांत घ्यायची इथली पद्धत. काट्याखाली एक बटण असतं. ते दाबलं की काटा म्हणतो, माझ्यावर वीस किलो ठेवा. जे ठेवाल त्याला तो बिचारा वीस समजतो. पण वीस किलो आणले कुठून?

बाईंची नजर दवाखान्याच्या दाराशी असलेल्या कॅनवर गेली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत जाणारं पोरही सांगेल. वीस लिटर म्हणजे वीस किलो.

त्या कॅनकडे वाकून बघत होत्या, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, आता कोणाला छळू नका. काट्याला हात मी लावला."

काटेमास्तर उभे होते. हातात हातमोजे, आणि डोळे जमिनीकडे.

५

बाईंनी त्यांना आत नेलं, दार लोटलं आणि खुर्ची दिली. मास्तर बसले नाहीत.

"का केलंत?"

"पहिलवानाला थोडा हप्ता कमी पडावा म्हणून. त्याची बायको आजारी आहे. माझ्या एकट्याचा गुन्हा, दुसऱ्या कोणाचा यात हात नाही. मी तसाही आता निवृत्त होणार. मला काढून टाका, पण पॉलिसी राहू द्या."

"वजनं तर इथे नव्हती. कशाने केलंत?"

"पाण्याच्या कॅनने." मास्तरांनी हे न अडखळता सांगितलं. "भरलेला कॅन काट्यावर ठेवला, बटण दाबलं."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ज्या माणसाने आयुष्यभर खोट्या काट्याकडे बघून नाक मुरडलं, तो आज काटा खोटा केला म्हणून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर लाज होती ती मात्र दुसऱ्याच कोणाची तरी. कोणाची, ते कळेना. मग त्यांनी अगदी साधं विचारलं, भाजीचा भाव विचारावा तसं.

"कॅनचा धडा केला होतात ना?"

"म्हणजे काय?" मास्तर ताडकन म्हणाले. "धडा न करता मी कधी काही तोललंय का? चाळीस वर्षांत नाही. रिकाम्या कॅनचं वजन धरलंच पाहिजे, जवळजवळ किलोभर..."

आणि ते थांबले.

"बोला ना, मास्तर," बाई म्हणाल्या. "धडा केला होता, तर काट्यावर बरोबर वीस किलो होते. मग काटा खरा व्हायला हवा होता. विसाला एकोणीस कसे झाले?"

मास्तर खाली बसले. त्यांना आधी खुर्ची दिली होती, ती आता कामी आली.

"ज्याने हे केलं, त्याने भरलेला कॅन ठेवला आणि काट्याला सांगितलं, हे वीस," बाई हळूहळू बोलत होत्या, जणू स्वतःलाच समजावत होत्या. "पाणी वीस, वर कॅनचा स्वतःचा एक. झाले एकवीस. एकवीस किलोंना वीस समजणारा काटा प्रत्येक विसामागे एक खाणारच. तो किलो कोणी चोरला नाही, मास्तर. तो मोजायचा राहिला. इथे चोरी झालीच नाही. कोणीतरी काटा बरोबर करायला गेलं आणि धडा करायचा विसरलं."

"पहिलवान दिवसातून दहादा धडा करतो, तो विसरणार नाही. पुढाऱ्यांची पाठ कॅन उचलू देत नाही, सिस्टरच्या अंगात तेवढी ताकद नाही. तुम्ही झोपेतही विसरणार नाही. या कारखान्यात धडा विसरू शकेल असा माणूस एकच. ज्याने कॅन सहज उचलला, आणि जो जुळवणीच्या बाकावर कधी बसलाच नाही. तुम्हाला हे कालच कळलं होतं, विसाला एकोणीस बघितले तेव्हाच. म्हणून तुमचा चेहरा उतरला."

"लहान होता तेव्हापासून बघतोय त्याला," मास्तर अखेर म्हणाले. "मोठे मालक म्हणायचे, याला बाकावर बसव. मीच म्हटलं, शिकू द्या, हुशार आहे, बाक कुठे पळून जातो. चूक माझी आहे, बाई."

"तुमची चूक मला लिहिता येणार नाही," बाई म्हणाल्या. "त्यांची त्यांनाच सांगावी लागेल."

६

जेवणाच्या सुट्टीनंतर बाईंनी धाकट्या मालकांना दवाखान्यात बोलावलं. मास्तरांनी काटा खऱ्या वजनांनी जुळवून दिला होता. बाईंनी एक रिकामा कॅन उचलून त्यावर ठेवला. आकडा आला किलोला जरासा कमी.

धाकट्या मालकांनी आकड्याकडे पाहिलं, मग कॅनकडे, मग परत आकड्याकडे. त्यांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. हुशार होतेच ते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"काल तुम्ही म्हणालात, या काट्यावर आधी कधी चढलो नाही," बाई म्हणाल्या. "आणि लगेच म्हणालात, तो जास्त दाखवणारा होता. न चढता ते कसं कळलं?"

"वजनाच्या आदल्या संध्याकाळी," ते म्हणाले. "सगळे गेल्यावर सहज चढून बघितलं. रेघेच्या वर निघालो, थोडासाच. घरच्या काट्यावर मी आत असतो. रोज पळतो, मोजून खातो. मला वाटलं, काटाच चुकलाय. मास्तरांना हाक मारली असती, पण म्हटलं, उद्या कारखाना म्हणेल मालक काट्याला घाबरला. मग वीस लिटरचा कॅन दिसला. शप्पथ सांगतो बाई, मी काटा खोटा करायला गेलो नव्हतो. तो खोटा आहे, असं मला खरंच वाटलं."

"वाटतं सगळ्यांनाच," बाई म्हणाल्या. "मी तर पंधरा वर्षं माझ्या घरच्या काट्याला शिव्या देतेय."

ते हसले नाहीत.

"माझा निकाल संध्याकाळी जाईल. तुम्ही त्याआधी सगळ्यांसमोर सांगितलंत आणि परत वजन दिलंत, तर ती चूक. मी तुमचं नाव लिहीपर्यंत गप्प राहिलात, तर ती फसवणूक. पुढचं काय होईल, ते तुम्हाला ठाऊक आहे."

"सगळे हसतील. काट्यांच्या कारखान्याचा मालक आणि धडा विसरला. बाबा असते तर..."

"हसतील," बाई म्हणाल्या. "आणि पुढच्या आठवड्यात पहिलवानाच्या बायकोचं ऑपरेशन होईल. दोन्ही एकदम व्हायचं आहे. एक नको असेल तर दुसरंही होणार नाही."

धाकटे मालक खिडकीबाहेर बघत उभे राहिले. अंगणात पहिलवान एक भलं मोठं खोकं खांद्यावर घेऊन चालला होता, आणि आजूबाजूची माणसं त्याच्याकडे न बघितल्यासारखं करत होती. कालपर्यंत त्याच्याशी थट्टामस्करी करणारी माणसं.

"पाळी सुटायच्या आधी सगळ्यांना अंगणात बोलवा," मालक म्हणाले. "आणि मास्तरांना सांगा, काटा घेऊन या."

काटा अंगणाच्या मधोमध ठेवला. मास्तरांनी आधी त्याचे पाय सारखे करून घेतले, त्याशिवाय त्यांना चैन पडलं नसतं. धाकटे मालक बूट काढून चढले. "मोठ्याने वाचा," ते म्हणाले. मास्तरांनी वाचलं. रेघेच्या वर, दोन किलोंनी.

मग मालकांनी सगळं सांगितलं. संध्याकाळ, कॅन, बटण, आणि विसरलेला धडा. कॅनचं ऐकून जुळवणीवाल्यांच्या तोंडून नकळत एक 'अरेरे' निघाला, एखादा पोरगा सोपं गणित चुकल्यावर निघतो तसा.

"दोन दिवस तुम्ही पहिलवानदादांवर संशय घेतलात, आणि मी तो घेऊ दिला," मालक म्हणाले. "त्याची माफी मी त्यांच्या घरी जाऊन वहिनींसमोर मागेन. उद्या या खऱ्या काट्यावर सगळ्यांची वजनं परत होतील. जादा हप्ता मला लागला, तो मी भरणार. नियम चुकीचा होता का, ते मला अजून कळत नाही. स्वतःला सांभाळावं, हे मला आजही पटतं. पण नियम करताना मी सगळ्यांना त्यात धरलं होतं, फक्त स्वतःला सोडून. पुढच्या वर्षी तो ठेवायचा की मोडायचा, ते पुढाऱ्यांना घेऊन बसून ठरवू."

"बसू," पुढारी म्हणाले. "मी सिगरेट बाहेर ठेवून येईन."

तरी कोणी हसेना. मालक काट्यावर तसेच उभे. शेवटी पहिलवानच पुढे झाला. त्याने मालकांच्या दंडाला धरलं, लहान मुलाला पायरीवरून उतरवावं तसं. "उतरा आता, मालक," तो म्हणाला. "काट्यालाही जीव असतो."

तेव्हा सगळं अंगण हसलं. मालकही हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले, ते सगळ्यांनी पाहिलं आणि कोणी बोलून दाखवलं नाही.

बाईंनी साहेबांना फोनवर सगळं सांगितलं. साहेबांनी दोनदा विचारलं, "नक्की चूक ना?" बाई म्हणाल्या, "साहेब, माणसाला स्वतःचं वजन खरं वाटत नाही, ही फसवणूक धरली तर आपल्याकडे एकही पॉलिसी उरणार नाही. माझी पहिली जाईल." साहेबांनी दावे मोकळे केले, आणि जाता जाता विचारलं की घरच्या काट्यावर सतरंजी असली तर वजन कमी दाखवतो का हो.

ऑपरेशनच्या दिवशी बाई कामात होत्या, म्हणजे कामात असल्याचं दाखवत होत्या. दुपारी फोन वाजला. पहिलवान होता. बाई टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या.

"झालं," तो म्हणाला. "व्यवस्थित झालं. आत्ता शुद्धीवर आली."

"काही बोलली का?"

"बोलली ना. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाली, किती वाळलात हो तुम्ही."

बाई हसायला लागल्या, आणि पलीकडे तोही हसायला लागला. मग दोघंही रडत होती. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, काय झालं. बाईंनी हातानेच सांगितलं, काही नाही, सगळं ठीक आहे.